मदत हवी आहे: दोन लहान मुलं, सासू-सासरे आणि रविवारचं जेवण (पुणे)

नमस्कार मंडळी,
येत्या रविवारी सासू-सासरे नाशिकहून येतायत. आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी ४ वर्षांची, धाकटा दीडचा. दुपारी बाहेर जेवायचंय.

मागच्या खेपेला एका थाळीवाल्यांकडे नंबर लावून तासभर फुटपाथवर उभे होतो. आत जाईपर्यंत धाकटा पेंगला. मोठीला फक्त वरणभात हवा होता, तर भात त्यांच्या रिवाजाप्रमाणे शेवटी! वर तिचीही पूर्ण थाळी लावली. खाल्ली अर्धी पुरी.

फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीत इडली-डोशावर दोघंही खूश असतात, पण रविवारची तिथली गर्दी आणि गाडी लावायला जागा शोधणं नको वाटतं. आपटे रस्त्यावरच्या श्रेयसला किंवा टिळक रस्त्यावरच्या दुर्वांकुरला अलीकडे कुणी बाळाला घेऊन गेलंय का? बाळाची खुर्ची मिळते का? लहानांचे पैसे कसे लावतात? भात आधी मागितला तर आणतात ना?

सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिना नको. साडेअकरालाच जाऊन बसायची तयारी आहे. दुसरं ठिकाण सुचवलंत तरी चालेल. फक्त मिसळ नको, मोठीला तिखटाचा वासही सहन होत नाही (कोल्हापूरच्या आईची मुलगी, काय बोलणार!).