बेसबॉलचे टीव्ही समालोचक: कोणाचं ऐकावं, आणि आपल्या लाइव्हसाठी त्यातलं काय घ्यावं?

पिचर_पूर्वभाग

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात सोलापुरात शालेय मुलांची बेसबॉल आणि मुलींची सॉफ्टबॉल स्पर्धा आहे. मैदान जुळे सोलापुरातल्या शाळेचं, दोन दिवस, यूट्यूबवर लाइव्ह. कॅमेरे दोन: एक होमप्लेटमागे (बॅटर उभा राहतो तिथे) जाळीजवळ, दुसरा पहिल्या बेसच्या बाजूला. समालोचन मराठीत, बोलणारे दोघं, दोघंही खेळलेले. पण माइकवर नवीन.

अमेरिकेतल्या टीव्ही समालोचकांपैकी कोणाला ऐकून शिकावं? किती बोलावं? बघणारे निम्मे पालक असणार. त्यांना क्रिकेट कळतं, बेसबॉल नाही. आणि आवाजाची जोडणी कशी करावी? मिक्सर, हातातले दोन माइक आणि लॅपटॉप आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लाइव्हमध्ये मैदानावरच्या घोषणा आणि समालोचन एकाच माइकवरून चालतं. रनर तिसऱ्या बेसवरून घरी धावतोय आणि आवाज येतोय पाहुण्यांच्या स्वागताचा. ते टाळायचं आहे.

लेफ्टफिल्ड_सातरस्ता

मालक, पहिल्या प्रश्नाचं आधी सांगतो.

तिकडे नियमित मोसमात प्रत्येक संघाचे आपापले टीव्ही समालोचक असतात आणि १६२ पैकी बहुतेक सामने तेच करतात. दोन स्ट्राइक झाले की आपला पिचर (चेंडू टाकणारा) काय टाकतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. पोस्टसीझनला (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांना) टीव्हीवर राष्ट्रीय चॅनेलची माणसं येतात आणि चाहत्यांची कुरकुर तिथून सुरू होते. या लोकांना नावं माहीत असतात, खेळाडूच्या सवयी माहीत नसतात. म्हणून कित्येक जण चित्र टीव्हीचं ठेवून आवाज आपल्या संघाच्या रेडिओचा लावतात. एमएलबी टीव्हीवर (तिकडच्या मुख्य लीगची इंटरनेट सेवा) घरच्या संघाचा फीड, पाहुण्यांचा फीड आणि रेडिओचा आवाज, असं हवं ते निवडता येतं. तुमच्या दोघांना एका सामन्याची एकच इनिंग या तिन्ही आवाजांत ऐकायला लावा. टीव्हीवाला काय गाळतो आणि रेडिओवाला काय भरतो, ते आपोआप कळतं. मोसमात न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७.१० चा सामना आपल्याकडे पहाटे ४.४० ला लागतो, लॉस एंजेलिसचा सकाळी ७.४० ला. दुसरी वेळ सोयीची.

माझी पहिली पसंती न्यूयॉर्क मेट्सच्या त्रिकुटाला. गॅरी कोहेन मुख्य, सोबत कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग. २००६ पासून एकत्र. हर्नांडेझ पहिल्या बेसवर खेळलेला बॅटर, डार्लिंग पिचर, दोघंही १९८६ च्या विजेत्या संघातले. काय झालं ते कोहेन सांगतो आणि थांबतो. का झालं, ते ज्याचा विषय असेल तो सांगतो. आपल्या संघाची चूक झाली तरी तिघंही सरळ बोलतात. ‘आपण हरलो, आपण जिंकलो’ अशी भाषा असलेले फीडही बरेच आहेत. शालेय स्पर्धेत ते अजिबात नको, कारण दोन्हीकडे मुलंच आहेत.

दुसरं नाव विन स्कली. १९५० ते २०१६, सलग ६७ मोसम डॉजर्स संघाचा आवाज, आणि डॉजर्सच्या टीव्हीवर एकटेच बोलायचे. १५ ऑक्टोबर १९८८ चा वर्ल्ड सीरिजचा (अंतिम मालिकेचा) पहिला सामना शोधून बघा. तो एनबीसीवर होता. नववी इनिंग, दोन आऊट, काउंट ३-२ (तीन बॉल, दोन स्ट्राइक), दोन्ही पायांनी दुखावलेला कर्क गिब्सन बदली बॅटर म्हणून उभा, आणि होमरन. स्कली तेवढं सांगतात आणि मग मिनिटभराहून जास्त वेळ एक शब्द नाही. गिब्सन लंगडत बेस पार करतोय आणि मागे फक्त लोकांचा आवाज. हातात घड्याळ घेऊन बघा.

पण स्कलींसारख्या लांब गोष्टी आता दोन पिचच्या (टाकलेल्या चेंडूंच्या) मधे मावत नाहीत. २०२३ पासून पिच क्लॉक आलं, म्हणजे पुढचा चेंडू टाकायला ठरलेली मुदत: बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, रनर असेल तर २० (२०२४ पासून १८). २०२२ मध्ये नऊ इनिंगचा सामना सरासरी ३ तास ४ मिनिटं चालायचा, २०२३ मध्ये तो २ तास ४० वर आला. जुन्या रेकॉर्डिंगवरून सवय लावली तर तुमचं वाक्य चेंडूच्या खाली सापडेल. एक पिच, एक वाक्य, इतकंच धरून चला.

काय घेऊ नये तेही सांगतो. फील्डिंग करणाऱ्या खेळाडूला इअरफोन आणि माइक लावून चालू खेळात मुलाखत घेणं. यावर चाहते सगळ्यात जास्त चिडतात. दुसरं, पडद्यावरच्या स्ट्राइक झोनच्या चौकोनावरून अंपायरची उलटतपासणी. तो चौकोन सपाट असतो. खरा झोन १७ इंची प्लेटच्या वरची पूर्ण जागा आहे, आणि वळणारा चेंडू मागच्या बाजूनं आत शिरला तरी स्ट्राइकच. तुमचा कॅमेरा जाळीजवळ जरा बाजूला सरकलेला असला तर बाहेरचा चेंडू आत आणि आतला बाहेर दिसणार. तेव्हा अंपायरबद्दल बोलूच नका.

डगआऊट_नवीपेठ

सातरस्तावाल्यांच्या बऱ्याच गोष्टी पटल्या, शांततेचं मात्र जपून घ्या. डॉजर्स स्टेडियममध्ये गप्प बसलं की पन्नास हजारांचा आवाज ती जागा भरतो. शाळेच्या मैदानावर गप्प बसलं तर बघणाऱ्याला वाटणार माइक बंद पडला. एनबीसीनं २० डिसेंबर १९८० ला जेट्स आणि डॉल्फिन्सचा अमेरिकन फुटबॉलचा सामना समालोचकांशिवाय दाखवला होता. त्यासाठी मैदानावरचा आवाज वाढवावा लागला आणि पडद्यावर माहितीच्या पाट्या नेहमीपेक्षा जास्त द्याव्या लागल्या. तुमच्याकडे पाट्या टाकायला माणूस आहे का? नसेल तर ते काम तोंडानंच करावं लागणार.

पालकांना शिकवायचं तर एका इनिंगला एकच गोष्ट. पहिल्या इनिंगला काउंट: आधी बॉल, मग स्ट्राइक, चार बॉलला फुकट पहिला बेस, तीन स्ट्राइकला आऊट. दुसऱ्या इनिंगला फोर्स आऊट: मागून रनर येतोय म्हणून पुढच्याला बेस सोडावाच लागतो, त्यामुळे चेंडू घेऊन बेसला पाय लावला तरी पुरे, मागे कोणी नसेल तर रनरला चेंडूनं टॅग करावं लागतं. क्रिकेटवाल्याला नडतं ते हेच, कारण त्याच्या डोक्यात रनआऊट म्हणजे बेल्स उडवणं. तिसऱ्या इनिंगला फाऊल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका: पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत फाऊल मोजतात, तिसरी स्ट्राइक साध्या फाऊलवर मिळत नाही. (बंटचा, म्हणजे बॅट न फिरवता नुसती लावलेल्या चेंडूचा फाऊल वेगळा, तो आला तेव्हाच सांगा.)

आणि एक वाक्य आधीच लिहून ठेवा: तिसरी स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटली, आणि पहिला बेस रिकामा असला किंवा दोन आऊट झालेले असले, तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. शालेय सामन्यात कॅचरच्या हातून चेंडू वारंवार सुटतो. आऊट झालेला मुलगा पळतोय का, असं अख्खं घर विचारतं आणि त्याच वेळी समालोचक गोंधळलेला असतो.

फेडर_अशोकचौक

आवाजाचं मी सांगतो.

मिक्सरचा मेन आऊट लॅपटॉपच्या माइकच्या पिनमध्ये घालू नका. ती पिन माइकच्या बारीक सिग्नलसाठी आहे, मिक्सर त्याच्या कितीतरी पट देतो; आवाज फाटणारच. दोन चॅनेलचा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, किंवा मिक्सरलाच यूएसबी असेल तर तो वापरा. ओबीएसमध्ये (लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर) आणि लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा, एकीकडे ४४.१ राहिलं तर कधी कटकट येते, कधी तासाभरानं आवाज चित्राच्या मागे-पुढे सरकतो. ‘गुंऽऽ’ असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर तो अर्थिंगचा फेरा आहे: मिक्सर आणि चार्जर एकाच बोर्डवर घ्या, तरी राहिला तर मधे आयसोलेटर लावा.

हातातले माइक डायनॅमिक असतील तर उत्तम. फोमची टोपी घाला, तोंडापासून चार बोटं अंतर. कंडेन्सर माइक मैदानावर नको, तो स्कोअररची खुर्ची सरकलेलीही ऐकवतो. ओबीएसच्या मीटरवर बोलणं उणे १५ ते उणे १० च्या दरम्यान नाचलं पाहिजे. लाल पट्टा उणे ९ पासून सुरू होतो, तिथे फक्त होमरनला गेलं तर चालेल.

तिसरा माइक मैदानाच्या आवाजासाठी लावा, आणि तो होमप्लेटच्या जवळच जाळीला बांधा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. माइक ३० मीटरवर असला तर बॅटचा ‘टक’ जवळजवळ ९० मिलिसेकंद उशिरा येतो. पातळी बोलण्यापेक्षा १२ ते १५ डेसिबल खाली. डगआऊटवाले शांततेबद्दल बोलले त्याला हाच उपाय आहे: मागे ग्लव्हचा आणि पोरांचा आवाज चालू असला की समालोचक दहा सेकंद थांबला तरी लाइव्ह मेल्यासारखं वाटत नाही. स्पीकरचे कर्णे या माइकच्या पाठीमागे, लांब.

चित्र आणि आवाज जुळवायला एकाला होमप्लेटवर उभं करून टाळी वाजवा, रेकॉर्ड करा आणि फ्रेम-फ्रेम पुढे न्या. ३० फ्रेमला एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. कॅप्चर कार्डमुळे (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं यंत्र) चित्र उशिरा येतं, म्हणून आवाज बहुधा तीन-चार फ्रेम आधी सापडेल. तेवढे मिलिसेकंद ओबीएसच्या सिंक ऑफसेटमध्ये सगळ्या माइकना द्या.

लाइव्हची सेटिंग: ७२० पिक्सेल, ३० फ्रेम, ३००० केबीपीएस, कीफ्रेम २ सेकंद. अपलोड त्याच्या दुप्पट मिळतोय का ते सामन्याच्याच वेळेला, त्याच जागी तपासा. रिकाम्या मैदानावर सकाळी मोजलेला वेग दुपारी पालकांचे दोनशे मोबाइल आले की राहत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. आणि लॅपटॉप, कॅप्चर कार्ड, हॉटस्पॉटचा मोबाइल या तिघांना सावली आणि पंखा हवाच. सोलापूरच्या उन्हात मोबाइल तापून आधी वेग कमी करतो, मग बंद पडतो.

पिचर_पूर्वभाग

फार उपयोगी, आभार. दोन शंका. समालोचकांनी कुठे बघून बोलायचं: मैदानावर की पडद्यावर? एकानं मोबाइलवर यूट्यूब लावून बघायचं म्हटलंय. आणि घोषणांचं काय करायचं?

फेडर_अशोकचौक

यूट्यूब कानात किंवा डोळ्यासमोर अजिबात नको, ते १० ते ३० सेकंद मागे असतं. लॅपटॉपमधून एचडीएमआयनं एक मॉनिटर टेबलावर द्या. घोषणांसाठी वेगळा माणूस, वेगळा माइक, वेगळा ॲम्प्लिफायर. तो माइक ओबीएसला जोडायचाच नाही.

स्कोअरशीट_६४३

कुठे बघायचं त्याचं सविस्तर सांगतो, कारण चूक इथेच होते.

चेंडू पिचरच्या हातात असेपर्यंत मैदानावर बघा. फटका लागला की फील्डरकडे बघा, चेंडूकडे नाही. उंच गेलेला चेंडू किती लांब जाणार हे खालून कळत नाही, पण आऊटफिल्डर पाठ करून पळतोय की जागेवर थांबून ग्लव्ह वर करतोय, यावरून लगेच कळतं. ‘होमरन!’ म्हणून ओरडायचं आणि मग लेफ्टफिल्डरनं आरामात झेल घ्यायचा, हा प्रकार त्यामुळे टळतो. खेळ थांबला की मग मॉनिटर बघा आणि जे पडद्यावर आहे त्याबद्दलच बोला. कॅमेरा पहिल्या बेसवर असताना तिसऱ्या बेसवरच्या कोचबद्दल बोलू नये. २६ ऑगस्ट १९३९ ला बेसबॉलचा पहिला व्यावसायिक सामना टीव्हीवर आला तेव्हा रेड बार्बर मॉनिटरशिवाय बोलले होते, कॅमेरे तेव्हाही दोनच होते. तुम्हाला निदान मॉनिटर आहे.

याच बार्बरांची रेडिओवरची एक सवय तुम्ही जशीच्या तशी उचला: टेबलावर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. लाइव्हवर माणसं मधेच येतात. इनिंग, वरची की खालची बाजू (इनिंगचा पहिला की दुसरा अर्धा भाग), स्कोअर, आऊट, कोणत्या बेसवर रनर, काउंट, याच क्रमानं.

स्कोअरशीट दोघांपैकी एकानं स्वतः भरायची. जागांचे आकडे पाठ हवेत: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट ७, सेंटर ८, राइट ९. डबल प्ले (एकाच फटक्यावर दोन आऊट) झाला की शीटवर ६-४-३ लिहायचं, पण माइकवर नावं घ्यायची.

नावांवरून सांगतो. आपल्या संघांत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळी आडनावं असतात: गाजूल, कोंडा, बिराजदार, शेख. यादीत नाव अनेकदा इंग्रजीत टाईप केलेलं येतं आणि त्यावरून उच्चार चुकतो. सामन्याच्या अर्धा तास आधी दोन्ही प्रशिक्षकांकडे जा, प्रत्येक नाव त्यांच्या तोंडून ऐका, देवनागरीत शीटवर लिहा, आणि पाठीवरचा नंबर यादीशी ताडून घ्या. टी-शर्टांची अदलाबदल झालेली असतेच. पूर्व भागातली आजी मोबाइलवर नातीचं नाव ऐकायला बसलेली असते. ते नाव तरी नीट यावं.

घोषणावाल्याला एकच नियम द्या: तिसरा आऊट झाल्यावर माइक चालू, पहिला बॅटर प्लेटवर आला की बंद. पाहुणे मधे आले तर पुढच्या तिसऱ्या आऊटपर्यंत थांबतील. हे आयोजकांकडून स्पर्धेच्या आदल्या दिवशीच मान्य करून घ्या, त्या दिवशी कोणी ऐकत नाही.