डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज: आधी जपायचं काय?

वाळूवेडी:
कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जला जाणारे आपले बरेच लोक शेजारच्या डेझर्ट हॉट स्प्रिंग्जला वळतच नाहीत. वळलेच तर गरम पाण्यात डुंबून परत. माझ्या मते त्या गावातलं सगळ्यात मोलाचं स्थळ म्हणजे कॅबट यर्क्साचं प्युब्लो, म्हणजे आदिवासी धाटणीचं त्याचं मोठं घर. हा माणूस 1913 मध्ये 160 एकरांवर येऊन राहिला. पाणी आणायला रेल्वे स्टेशनपर्यंत मैलोन् मैल पायपीट. मग हाताने विहीर खणली तर गरम पाणी लागलं, थोड्या अंतरावर दुसरी खणली तर गार! मधून मिशन क्रीक भ्रंश (जमिनीच्या पोटातली मोठी भेग) जातो आणि त्याच्या दोन बाजूंचे भूजलसाठे वेगळे आहेत. 1941 पासून 1965 मध्ये मरेपर्यंत तो हे घर बांधत होता. 35 खोल्या, 150 खिडक्या, 65 दारं. लाकूड ओसाड पडलेल्या झोपड्यांचं, खिळेसुद्धा जुने, वाकलेले, ठोकून सरळ केलेले. कित्येक खिडक्या काचेच्या तुकड्यांच्या, एकही दुसरीसारखी नाही. असं घर पुन्हा कोणी बांधणार नाही.

दगडमाती:
साफ असहमत. मेहनत मोठी, मान्य. पण घर होपी या आदिवासी जमातीच्या धाटणीचं, आणि होपी राहतात ॲरिझोनात. आवारातला सुमारे 40 फुटी लाकडी पुतळा पीटर टोथने 1978 मध्ये कोरला, त्याचं ‘वाओकिये’ हे नाव लकोटा या आणखी वेगळ्या जमातीच्या भाषेतलं. या खोऱ्यातले मूळ लोक मात्र काहुइया जमातीचे. वाळूत पायऱ्या उतरत जाणाऱ्या विहिरी ते खणत, गरम झरे त्यांना कधीपासूनच ठाऊक होते. मग ‘कॅबटने पाणी शोधलं’ हे वाक्य आपण अजून किती दिवस म्हणत राहायचं? गावाच्या इतिहासाची सुरुवात 1913 पासून धरणं मला अन्यायाचं वाटतं.

हिशेबी_पाहुणा:
मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. गाव मोठं झालं ते स्नानगृहांमुळे. एल. डब्ल्यू. कॉफीने 1941 मध्ये स्नानगृह उघडलं आणि त्याभोवती वस्ती वाढली. पुढे मधल्या कुंडाभोवती चार-सहा खोल्या अशी बुटकी मोटेलं आली. जॉन लॉटनरने 1947 मध्ये बांधलेलं काँक्रीटचं चार खोल्यांचं मोटेल तर वास्तुकलेचे विद्यार्थी मुद्दाम बघायला जातात. अशा जागा वापरात राहतात, स्वतःचा खर्च स्वतः काढतात. हीच नगरपालिका 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली होती, हे विसरू नका. कमी पैशांच्या गावाने आधी पोट भरणाऱ्या जागांची डागडुजी करावी.

वाळूवेडी:
@हिशेबी_पाहुणा, मोटेल विकलं जातं, मालक बदलतो, नवा मालक रंग फासतो आणि टाइल्स उखडतो. त्याला कोण अडवणार? प्युब्लो लोकांचं आहे. कॅबट गेल्यावर घर ओस पडलं, नासधूस झाली, पाडायचं घाटत होतं. कोल आयरो या त्याच्या मित्राने ते विकत घेऊन वाचवलं आणि आयरोच्या पश्चात कुटुंबाने गावाला देऊन टाकलं. फुकट मिळालेला ठेवा खर्चाचं कारण सांगून गळू द्यायचा?
@दगडमाती, ‘शोधलं’ हा शब्द मी यापुढे वापरणार नाही. पण होपी धाटणी म्हणून घर खोटं ठरत नाही. काहुइयांबद्दल जाणून घ्यायला पाम स्प्रिंग्जमध्ये आग्वा कालिएंते या काहुइया जमातीचं स्वतःचं संग्रहालय 2023 पासून आहेच.

दगडमाती:
तिथे आहे म्हणून इथे नको, हे कसं? त्यांचं तिथलं काम उत्तमच आहे, पण कॅबटच्या विहिरी या टेकडीवर आहेत आणि गरम पाण्याची गोष्ट इथेच सांगितली जाते. घर पाडा असं मी म्हणतच नाही. डागडुजीला माझा पाठिंबा आहे. पण घर दाखवायची फेरी सुरू होताना पहिलं नाव काहुइयांचं घ्यावं, आणि काय सांगायचं हे त्यांनाच विचारून ठरवावं. त्याला तर खर्चही येत नाही.

हिशेबी_पाहुणा:
हे मात्र मला पटलं. मोटेलांबद्दल माझं मत तेच आहे. मालक बदलला तरी दर्शनी भाग बदलता येणार नाही असा नियम नगरपालिकेने करावा. वाळूवेडी, याला तुमचा विरोध आहे का?

वाळूवेडी:
विरोध नाही. पण पहिला डॉलर प्युब्लोच्या छपराला.