मदत हवी आहे: फ्लोट ३२ (दशांश आकड्यांचा) रास्टर, म्हणजे पिक्सेलचा नकाशा, इंट १६ (पूर्णांक) मध्ये नीट कसा आणायचा?

क्यूजीआयएस या फुकट नकाशा सॉफ्टवेअरमध्ये मुंबईतल्या मिठी नदीच्या कुर्ला-माहीम पट्ट्याचा उंचीचा रास्टर आहे: फ्लोट ३२, यूटीएम ४३ उत्तर (नकाशा प्रक्षेपण), नो-डेटा (माहिती नसलेल्या पिक्सेलची खूण) -९९९९. दर १० सेंमी उंचीच्या टप्प्याचं क्षेत्रफळ काढायचंय.

रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये '= ३.२' टाकलं तर एकही पिक्सेल मिळत नाही, कारण आत ३.२००००००४८ बसलंय. मग जीडीएएल कॅल्कमध्ये (रास्टरवर गणित करणारं फुकट टूल) १० ने गुणून अ‍ॅस्टाइपने (आकड्याचा प्रकार बदलणारं फंक्शन) इंट १६ केलं. त्यात दशांश नुसता छाटला जातो; ०.९ही शून्य, -०.९ही शून्य. खाडीकाठचा शून्याचा टप्पा उगाच दुप्पट रुंद! फ्लोअर (खालचा पूर्णांक) घेतला तर ३.३ (आत ३.२९९९९९९५) खाली घसरायची धास्ती. नो-डेटा -३२७६८ दिलाय, तो प्रश्न नाही.

आर्कजीआयएस या विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स नाही, फुकटातलंच सांगा. फ्लोअरच्या आधी किंचित टॉलरन्स (चूक सांभाळणारा छोटा आकडा) मिळवावा का, आणि १० सेंमीच्या टप्प्यांसाठी तो किती ठेवावा?