मदत हवी आहे: कालव्याकाठच्या जुन्या भिंतीच्या दरजा (विटांमधले सांधे) चुन्याने भरण्याबाबत

इंग्लंडमधील स्टाउरपोर्ट-ऑन-सेव्हर्न हे गावच कालव्यामुळे उभे राहिले. जेम्स ब्रिंडली यांनी आखलेला, १७७२ साली पूर्ण झालेला स्टॅफर्डशायर-वूस्टरशायर कालवा तिथे सेव्हर्न नदीला मिळतो. गावाचा वारसा जपणाऱ्या स्थानिक नागरी संस्थेत मी स्वयंसेवक आहे.

आमच्याकडील एका विटांच्या कुंपणभिंतीच्या दरजा पूर्वी कोणीतरी सिमेंटने भरल्या. त्यातून ओल बाहेर पडत नसल्याने ती मऊ विटांतून वाट काढते आणि थंडीत तिथेच गोठते. परिणामी पापुद्रे सुटून विटा आत गेल्या आहेत आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या फासळ्यांसारख्या पुढे आल्या आहेत.

मे महिन्यात एक चौरस मीटर भागातले सिमेंट छिन्नीने काढले (यंत्राने विटांच्या कडा उडतात), एनएचएल ३.५ प्रतीचा (ओलाव्यातही घट्ट होणारा नैसर्गिक) चुना आणि धारदार (टोकदार कणांची) वाळू १:३ प्रमाणात भरली आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाकून ठेवली. वरचे थर उत्तम धरले. जमिनीलगतच्या चार थरांतला चुना मात्र तीन महिन्यांनंतरही नखाने उकरतो. परिसर संरक्षित असला तरी या दुरुस्तीची परवानगी मिळालेली आहे. सिमेंट, अगदी चिमूटभरही, मिसळायचे नाही.

गडकोटांच्या किंवा जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांना विचारायचे आहे: सतत ओल्या राहणाऱ्या या थरांसाठी निवलेल्या (पाण्यात विरवलेल्या) चुन्यात सुरखी (भाजक्या विटांची पूड) मिसळून भरावी का, आणि भरायची असल्यास चुना, सुरखी व वाळू यांचे प्रमाण किती ठेवावे?