बायोप्सी म्हणते न्यूरोएन्डोक्राइन, स्कॅनमध्ये काहीच नाही – स्वादुपिंडाच्या कॅन्सरबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मामांसाठी विचारतेय, वय ६२. स्वादुपिंडाच्या शेपटीकडे ८ सेंमीची गाठ आहे आणि लिव्हरमध्येपण डाग दिसतायत. एन्डोस्कोपीतून सुई घालून तुकडा काढला, रिपोर्ट आला न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ), ग्रेड ३, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतायत त्याचं माप) ४० टक्के. नेहमीच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरपेक्षा हा बरा असं ऐकून घरात सगळ्यांना जरा धीर आला होता. मग अशा गाठींसाठीचा खास डोटाटेट पेट स्कॅन केला तर गाठीने काहीच पकडलं नाही, आणि साध्या एफडीजी पेटमध्ये मात्र लख्ख दिसली. म्हणजे ल्युटेशियमची (डोटाटेटसारखंच गाठीला चिकटून आतून किरण देणारी) ट्रीटमेंट बाद, आता केमो ठरवतायत.

अजून एक, ज्याकडे कुणी फारसं बघितलंच नाही. कॅन्सर सापडायच्या आधीपासून त्यांच्या नडग्यांवर लालसर दुखऱ्या गाठी येतायत आणि घोटे सुजतात, संधिवात म्हणून गोळ्या चालू होत्या त्याच अजून चालू आहेत. रक्तात लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) हजारोंच्या घरात, पण अमायलेज (स्वादुपिंडाचं दुसरं एन्झाइम) जवळपास नॉर्मल, सीए १९-९ (स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी) नॉर्मल, कावीळ नाही, आणि पँक्रियाटायटिसपण (स्वादुपिंडाची सूज) नाही म्हणतात. क्रोमोग्रॅनिन ए (न्यूरोएन्डोक्राइन गाठींसाठी बघतात ते) वाढलंय. हे सगळं एकाच आजाराचं असू शकतं का? आणि स्लाइड दुसरीकडे दाखवायच्या असतील तर डॉक्टरांना न दुखावता कसं विचारायचं? मामी रोज मलाच विचारते आणि माझ्याकडे उत्तर नाही.

प्रतिसाद १

ताई, मी पॅथॉलॉजीत आहे. स्लाइड न बघता निदान सांगणार नाही, पण तुमचा शेवटचा पॅरा वाचून थांबले.

आधी स्कॅनचं. डोटाटेट पेशींवरच्या सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरला चिकटतं. ग्रेड ३ मध्ये ते रिसेप्टर कमी होऊ शकतात, त्यामुळे नुसता स्कॅन कोरा आला म्हणून बायोप्सी चुकली असं होत नाही. क्रोमोग्रॅनिनवरपण फार जाऊ नका, मामा ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल घेत असतील तर ते तसंही वाढतं.

पण नडग्यांवरच्या गाठी, सांधे आणि एवढं लायपेज एकत्र असेल तर ॲसिनार सेल कार्सिनोमा डोक्यात यायलाच हवा. पचनाचे एन्झाइम बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गंमत बघा, स्वादुपिंडाचा बहुतेक भाग याच पेशींचा, पण मोठ्यांमधल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये याचा वाटा जेमतेम १-२ टक्के. काही पेशंटमध्ये ही गाठ रक्तात लायपेज ओतत राहते आणि ते कातडीखालची चरबी विरघळवतं, सांध्यांच्या आसपासचीपण, म्हणून ते संधिवातासारखं वाटतं. मायक्रोस्कोपखाली हा न्यूरोएन्डोक्राइनसारखाच दिसतो, आणि त्यातल्या काही पेशी सिनॅप्टोफायसिनलापण (न्यूरोएन्डोक्राइन पेशी ओळखायचा डाय) पॉझिटिव्ह येतात, त्यामुळे तेवढेच डाय लावले तर फसायला होतं. रिपोर्टमध्ये ट्रिप्सिन आणि बीसीएल-१० (ॲसिनार पेशी ओळखायचे डाय) केलंय का बघा. नसेल तर तेच मागा. दोन्ही प्रकार मिसळलेलेपण असतात, त्याला मिनेन म्हणतात, पण त्यासाठी प्रत्येक भाग किमान ३० टक्के लागतो आणि सुईच्या छोट्या तुकड्यावरून ते ठरवणं अवघड.

प्रतिसाद २

माझ्या दिरांना ॲसिनारच होता, त्यांचंपण निदान पहिल्यांदा दुसरंच आलेलं. हे आधी नक्की करायचं ते केमोसाठी. न्यूरोएन्डोक्राइन कार्सिनोमा धरला तर एटोपोसाइड आणि प्लॅटिनम देतात, ॲसिनारला बहुतेक फॉलफिरिनॉक्स (अनेक औषधांची एकत्र केमो) किंवा त्याच जातीचं काहीतरी देतात, आमच्याकडे तेच दिलं. ब्राका टेस्टबद्दलपण (घराण्यातून येऊ शकणाऱ्या जीनच्या दोषाची टेस्ट) विचारा, ॲसिनारमध्ये ब्राका२ चा दोष बऱ्यापैकी सापडतो आणि तसं निघालं तर प्लॅटिनम आणि ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा विचार होतो, शिवाय तुमच्या आईनेपण टेस्ट करून घ्यावी का ते कळतं. ट्यूमरची जीन टेस्टपण होते, बीआरएएफ फ्यूजन (ट्यूमरच्या जीनमधला एक बदल) वगैरे बघतात. फक्त या सगळ्यात आठवडेच्या आठवडे घालवू नका, ऑन्कॉलॉजिस्टना सरळ विचारा की स्लाइड रिव्ह्यू येईपर्यंत थांबणं परवडेल का.

आणि रात्री बसून स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे आकडे शोधू नका, ते जवळजवळ सगळे ॲडेनोकार्सिनोमाचे, म्हणजे नेहमीच्या प्रकारचे, असतात.

धागाकर्ती

दोघींचे खूप आभार. रिपोर्ट परत काढून बघितला, सिनॅप्टोफायसिन पॉझिटिव्ह, क्रोमोग्रॅनिन "फोकल", बाकी ट्रिप्सिन वगैरे काही नाही. म्हणजे केलंच नाही असं धरायचं ना? नुसत्या स्लाइड नेल्या तर चालेल की ब्लॉकच (मेणात जपून ठेवलेला तुकडा) लागेल?

प्रतिसाद १

रिपोर्टमध्ये नाही म्हणजे केलं नाही असंच धरा. ब्लॉकच लागेल, नवे डाय त्यातूनच कापून करतात. सोबत रंगवलेल्या स्लाइड, मूळ रिपोर्ट, दोन्ही पेटचे रिपोर्ट आणि लायपेजचे आकडे द्या, आणि नडग्यांवरच्या गाठींचं फॉर्मवर लिहाच, नाहीतर रिव्ह्यू करणाऱ्यालाही ते कळणार नाही. लॅबला लेखी अर्ज दिला की ब्लॉक मिळतो, काम झालं की परत करायचा. तुकडा पुरला नाही तर लिव्हरमधल्या डागातून पुन्हा घेता येतो का ते विचारा. डॉक्टरांना वाईट वाटेल याची काळजी सोडा, असल्या दुर्मीळ गाठींमध्ये रिव्ह्यू आम्ही स्वतःच सुचवतो. "लायपेज एवढं का आहे सर?" एवढ्यापासून सुरुवात करा.