मदत हवी आहे: गाईचा गर्भ नर की मादी, प्रतिपिंडांवरून कळतं का?

नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईजवळ पाच गायींचा गोठा आहे. जर्सी संकरित गाईला लागोपाठ तीन वेतांत पाडाच झाला. शेतात पॉवर टिलर फिरतो, पाडा फुकट दिला तरी कोणी नेत नाही, आणि दुधाची बादली भरायच्या आधी हे महाशय ढुशा देत हजर! गोठ्यातल्या श्वेतकपिलेला (गोव्याची देशी गाय) मात्र दरवेळी पाडी, पण तिचं दूध आमच्या चहापुरतं.

भाचा पशुवैद्यकीला आहे. तो म्हणतो, नर गर्भाच्या पेशींवर एच-वाय नावाचं प्रतिजन, म्हणजे ओळखीची खूण असते. त्या खुणेला धरून चिकटणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं सोडायची, मग त्यांना धरणारी, चमकता रंग लावलेली दुसरी प्रतिपिंडं. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकला तर नर. गर्भाला सुरी लागत नाही.

गाय महिन्यापूर्वी भरवली आहे. तिचं रक्त देऊन हे होईल का? आणि गर्भलिंग तपासणीचा कायदा गायींना आहे का, असं बायको विचारते. (ती गंभीरपणे विचारते, हसू नका.)

उत्तर:
वहिनींना सांगा, 1994 चा तो कायदा माणसांपुरताच. पण बाब, रक्तावर हे जमणार नाही. ही चाचणी गर्भ बशीत असतानाच होते. भरवल्यावर सातव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय नळीने धुऊन गर्भ बाहेर काढायचा, तपासायचा, मग दुसऱ्या गाईत सोडायचा. तुमची वेळ टळली. शिवाय मेलेल्या पेशीही रंग धरतात, चमक किती म्हणजे नर हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर. नर-मादीचं उत्तर 80 ते 85 टक्के वेळा बरोबर यायचं. म्हणून गर्भाच्या चार पेशी काढून पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून करायची तपासणी) करणं पुढे आलं, ते 95 टक्क्यांच्या वर जातं.

तुमच्या गाईची 55 ते 70 दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफी करा, सरावाचा डॉक्टर नर-मादी सांगेल. सांगून पाड्याची पाडी होणार नाही, एवढंच.

पुढच्या वेळी लिंगवर्गीकृत वीर्याची कांडी मागा. बैलाच्या एक्स शुक्राणूत (ज्यातून पाडी होते) डीएनए वाय शुक्राणूपेक्षा (ज्यातून पाडा होतो) सुमारे 3.8 टक्के जास्त, त्यावरून यंत्र ते निवडतं. दहातल्या नऊ पाड्या. गाभ मात्र साध्या कांडीपेक्षा कमी राहते, म्हणून आधी चांगल्या कालवडीला वापरा.

धागाकर्ता:
आभारी आहे. कालवड एक आहे, पण ती श्वेतकपिलेची. तिला जर्सीची कांडी द्यावी का, यावर घरात आता नवीन भांडण.