नासी गोरेंग म्हणजे सोया सॉसातला फोडणीचा भात, दुसरं काय?

ताकभात
गेल्या महिन्यात इंडोनेशियात योग्यकर्त्याला आठवडाभर होतो. तिथल्या 'बुंबू'चं, म्हणजे वाटलेल्या मसाल्याचं, सगळे एवढं कौतुक करतात की हा धागा काढावाच लागला. छोटे कांदे, लसूण, मिरची, धणे, हळद. हे आपलं वाटणच की! आणि नासी गोरेंग म्हणजे रात्रीचा उरलेला भात सकाळी परतलेला. माझी आजी तो रोज करायची. इंडोनेशियाच्या पर्यटन मंत्रालयाने २०१८ मध्ये त्याला पाच राष्ट्रीय पदार्थांत बसवलं. आजीचं नशीब, दुसरं काय.

लसूणपाकळी
कढईपाशी उभे राहिला होतात का कधी? फोडणीच्या भातात तेल तापतं, मोहरी तडतडते, वाटण नसतंच. तिथे मोहरीचा पत्ता नाही. आधी वाटणच तेलात पडतं, कच्चा वास जाऊन तेल सुटेपर्यंत परततात, मग भात. वर केचाप मानिस, म्हणजे ताडगूळ घातलेला, काकवीसारखा दाट सोया सॉस. तो कढईच्या कडेला किंचित करपतो, त्या वासासाठी तर सगळा खटाटोप. आजीच्या भातात काकवी ओतून बघा आणि कळवा.

सुकट
आणि तेरासी? बारीक कोळंबी मीठ घालून आंबवायची, कुटायची, वड्या पाडायच्या. भाजायला घेतली की शेजारी दारं लावून घेतात. आम्ही मालवणकडचे, घरी सुकट भाजली की हेच होतं, त्यामुळे मला परकं काही वाटलंच नाही. वाटणात नखाएवढीच असते, पण काढली तर चव पांगळी. ताकभात, तुम्ही शाकाहारी ना? सांबाल, म्हणजे तेरासी घातलेला मिरचीचा ठेचा, खाल्लंत का तिथे?

ताकभात
हे आता सांगताय? सातही दिवस खाल्लं. दोनदा मागून घेतलं.

जकार्तात_नऊ_वर्षं
'वाटणच की' म्हणून सुटत नाही. ढोबळ तीन बुंबू: पांढरं, लाल, पिवळं. पांढऱ्यात मिरची नाही, हळद नाही. कांदा, लसूण, धणे आणि कमिरी. कमिरी म्हणजे तेलकट बी, रस्सा दाट करते, पण कच्ची खायची नाही, बाधते. पिवळ्यात हळद आली, लाल मिरचीचं. बाली बेटाचं वेगळंच.
दुसरं, खल. तिथला चोबेक आपल्या खलबत्त्यासारखा खोल नसतो, बशीसारखा उथळ काळा दगड. त्यावर वाकड्या मुठीचा बत्ता कुटत नाहीत, मनगट वळवून रगडतात. मिक्सर फिरायला पाणी लागतं, आणि पाणी घातलेलं वाटण तेलात परतत नाही, उकडतं. फरक इथे आहे.

डोंबिवलीकर
पाट्यावरवंट्याच्या आठवणींनी गहिवरणारे स्वतः कधी वाटत नाहीत. मी तीन वर्षं सुमात्रा बेटावर मेदानला होतो. तिथे बाजारात यंत्रावर वाटलेलं बुंबू वजनावर मिळतं, लाल मिरचीचा तर लालभडक डोंगर असतो. संध्याकाळी कामावरून येताना बायका पिशवीत घेऊन जातात. मग आपण का दगडाचं भजन करायचं?

जकार्तात_नऊ_वर्षं
मान्य, मीही घेते. रंदांगला, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेल्या मांसाला, दोन-तीन तास कढई ढवळायची, वर वाटत कोण बसणार? पण सांबाल दगडावरच.

ताकभात
बरं, गोरेंग सोडा. नासी उदुक तर सरळ नारळीभात, गूळ विसरलेला.

लसूणपाकळी
नारळाचं दूध आहे, खरं. पण गवती चहा, पांदानचं पान आणि सलामचं पानही आहे. सलामऐवजी तमालपत्र चालवतात, पण ते झाडच वेगळं.

जकार्तात_नऊ_वर्षं
अवांतर: भात शेतात असतो तेव्हा 'पादी', कांडला की 'बेरास', शिजला की 'नासी'. आपण शेतातल्यालाही भात म्हणतो आणि ताटातल्यालाही. भाताबद्दल भांडायला त्यांच्याकडे शब्द जास्त आहेत.

ताकभात
रविवारी करून बघतो, तेरासीशिवाय. पुण्यात कमिरी कुठे मिळेल?

सुकट
नाही मिळाली तर काजू वाटून घाला.

ताकभात
म्हणजे कांदा, लसूण, धणे आणि काजूचं वाटण. धाग्याचं शीर्षक बदलत नाही.